तिसरी धार

मालकाने तिसरी धार सुरू केली त्या उन्हाळ्यात माझ्या हातांची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. जाग यायची तेव्हा मूठ वळलेलीच असायची. मग डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सरळ करायचं आणि उजव्याने डाव्याचं. आमच्या वस्तीत त्या वेळी दर खोलीत हेच चालायचं. नवरा-बायको दोघं गोठ्यावर असतील तर एकमेकांची बोटं सोडवत बसायची. नवीन लग्न झालेल्यांना आम्ही म्हणायचो, "चला, हात हातात घ्यायला निमित्त तरी मिळालं."

तोवर धार दोनदा व्हायची, पहाटे आणि संध्याकाळी. गाई दोनशे, आणि धार काढणारे आम्ही बावीस जण, त्यात चौदा बायका. तेव्हा तिथे मशिनं आली नव्हती. मालकाच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की दुपारी तिसऱ्यांदा पिळलं की दूध वाढतं. झालं. ऐन उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, गाईच्या पोटाला कपाळ टेकून आम्ही तिसऱ्यांदा बसू लागलो. गाईही वैतागलेल्या. दुपारी पान्हा सोडायच्या नाहीत, लाथा झाडायच्या. एका बाईच्या गुडघ्याची वाटी सरकली, तर मुकादम म्हणतो, "दुभत्या गाईच्या लाथा गोड." माझी नणंद शेजारच्याच गाईखाली होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मग तू ये की खायला. गोड असूनही तू कधी रांगेत दिसत नाहीस."

ही माझी नणंद म्हणजे ताई. ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले म्हणून ह्यांना त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एक पोरगा वाढवला, तेवढं पुरे." आमचे हे युनियनचे सेक्रेटरी झाले, लाल बावट्याखाली उभं राहून भाषणं करायला लागले, तेही ताईंमुळेच. ह्यांना पहिल्या सभेला हाताला धरून त्यांनी नेलं होतं. पत्रकं त्या वाचून दाखवायच्या, आणि एखादा शब्द अडला तर त्याच्यावर बोट ठेवून, समजेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासू नाही, सुटले बाई! आठवड्यात कळलं, सासू परवडली असती. चुलीवर भात करपला तरी ताई विचारायच्या, "यात कुणाचं नुकसान झालं, सांग." पण मला पाचवा महिना असताना माझ्या वाटच्या चार गाई गुपचूप त्यांनी स्वतःकडे घेतल्या, तेही खरं. त्यांच्यासारखं माणूस पुन्हा माझ्या आयुष्यात आलं नाही.

ताई दूध घेत नसत. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, अंडं-मटण तर नाहीच. आताच्या पोरांकडे याला नाव आहे, व्हीगन म्हणतात. आमच्याकडे नाव नव्हतं, फक्त ताई होत्या. आणि गोठ्यावर काम करून कोरा चहा पिणारी बाई म्हणजे अख्ख्या वस्तीला करमणूक. लोक त्यांना 'कोरी' म्हणायचे. "काय गं कोरी, दिवसभर दूध काढतेस आणि थेंब पीत नाहीस?"

"खाणीतला मजूर कोळसा खातो का?" ताई म्हणायच्या.

हे सुरू झालं ते युनियनच्या अभ्यासवर्गातच. शहरातून एक मास्तर यायचे, चष्मेवाले, गरीब स्वभावाचे. त्यांनी एका रविवारी फळ्यावर कामाचा दिवस काढून दाखवला. इतके तास मजूर स्वतःच्या पोटासाठी राबतो, उरलेले तास मालकासाठी. आम्ही सगळे माना डोलवत होतो. ताईंनी हात वर केला.

"मास्तर, गाईचं काय? तिचे स्वतःचे तास कोणते?"

हशा पिकला. मास्तरही हसले. म्हणाले, "ताई, गाय हे उत्पादनाचं साधन आहे."

"मालकाच्या लेखी आम्हीसुद्धा साधनच आहोत. आज सकाळीच मुकादम म्हणाला, दोन हात कमी पडतायत. माणसं नाही म्हणाला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ह्यांनी ताईंना डोळ्यांनी दटावलं. वर्ग सुटल्यावर घरी वाद झाला. हे म्हणाले, "ताई, आधी माणूस, मग जनावर. माणसाचं सुटल्याशिवाय जनावराचं सुटत नाही."

"आणि ही रांग लावली कुणी? मालकानेच ना? त्याच्या रांगेत तू आपला शहाण्यासारखा उभा."

"म्हणजे उद्यापासून गाईंची युनियन काढायची का आता?"

"काढली असती तर तिने तुझ्याआधी संप केला असता."

त्या दिवसापासून ताईंचा चहा कोरा झाला. पगाराशिवाय रोजचं एक लिटर दूध आम्हाला मिळायचं, तशी पद्धतच होती तिथली. ताई आपलं लिटर घ्यायच्या आणि वासरांच्या खोलीत जाऊन त्यातल्या दोघांना पाजायच्या. वासरू तिसऱ्या दिवशी आईपासून तोडायचे. कालवड असेल तर ठेवायचे, खोंड असेल तर हातगाडीवर टाकून मागच्या दाराने न्यायचे. ती हातगाडी निघाली की ताई आपलं काम सोडून गोठ्याच्या दारात उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. मुकादम त्यांचा अर्धा तास कापायचा. मला वाटायचं, काय हा वेडेपणा! तेव्हा मला मूल झालं नव्हतं.

तर त्या उन्हाळ्यात युनियनने संप पुकारला. मागणी एकच, तिसरी धार बंद. ताईंनी समितीत म्हणून पाहिलं, की मागणीपत्रात लिहा, 'यात जनावरांचेही हाल होतात'. समितीतले सात पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. हे म्हणाले, "मालक हसेल, ताई."

"मालक तुला बघून रोजच हसतो. त्याने काय बिघडलं?"

नाही लिहिलं. ताईंनी तरीही सगळ्यात आधी सही केली.

सोमवारी पहाटे आम्ही फाटकावर बसलो. माझी लेक पाच महिन्यांची होती. पहिले दोन दिवस तिला शेजारच्या म्हातारीकडे ठेवून मी फाटकावर. माल वाहणारे ट्रकवाले आमच्या बाजूचे होते. त्यांनी शब्द दिला होता, 'तुमच्या हातून दूध निघत नाही तोवर एक कॅन उचलणार नाही.' संप त्या शब्दावरच उभा होता. मालकाने बाहेरून दहा-बारा माणसं आणली होती, पण त्यांना धार कुठली यायला! सड ओढायचे, गाय लाथ मारायची, की सगळे लांब पळायचे. आम्ही फाटकाच्या गजांतून बघून पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून हसू आटलं. गाई ओरडायला लागल्या. भुकेचं ओरडणं वेगळं असतं, वासरासाठीचं वेगळं, आम्हाला कळतं ते. हे कण्हणं होतं. दोनशे गाई एकदम कण्हत होत्या आणि अख्खी वस्ती ते ऐकत होती. जेवताना ऐकत होती, निजताना ऐकत होती.  बुधवारी सकाळी पुरुषमाणसं विडीवर विडी ओढत फाटकाकडे पाठ करून बसली होती.

मी त्या दिवशी लेकीला सोबत आणलं होतं. आदल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तिला पाजलं नव्हतं, तर माझी छाती दगडासारखी झाली होती. चोळीला हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी वस्तीकडे पळत गेले आणि पोरीला तोंडाला लावलं तेव्हा सुटले. माझी अर्ध्या दिवसाची ही गत, आणि आत ज्या होत्या त्यांना दोन दिवस झाले होते. मला ते आधी सुचलं नव्हतं याची लाज वाटली. सात वर्षं त्यांच्या पोटाला डोकं टेकून बसत होते मी.

ताई उठल्या. पदर खोचला. फाटकाकडे निघाल्या.

हे आडवे आले. "कुठे?"

"आत. कास मोकळी करते त्यांची. दूध जमिनीवर सोडीन. मालकाला थेंब मिळणार नाही."

"ताई, संप आहे. नियम तूच लिहिलास, की कुणी आत जायचं नाही."

"संप आपण मालकाशी केलाय. त्यांच्याशी नाही."

"लोक बघतायत, ताई." ह्यांनी दोन्ही हात पसरले. "आत पाऊल टाकलंस तर मला तुझ्याविरुद्ध उभं राहावं लागेल."

"तर राहा. उभं राहायला मीच शिकवलंय. सरक."

हे सरकले नाहीत. ताई त्यांच्या हाताखालून वाकून गेल्या. सेक्रेटरी हात पसरून तसेच उभे, आणि त्यांची बहीण आत! मागून कुणीतरी शिवी घातली. मला काय झालं कोण जाणे, मी उठले, लेकीला ह्यांच्या पसरलेल्या हातांत दिलं आणि आत गेले. हे भांबावून पोरीकडे बघत राहिले. माझ्यामागून आणखी सहा बायका आल्या.

आतला वास आठवला तरी अजून जीव घाबरतो. शेण काढलेलं नव्हतं. कासा ताणून लाल झालेल्या, चकाकणाऱ्या. काहींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं आणि त्याच ओलीत त्या उभ्या होत्या. ताईंनी आम्हाला दारातच बजावलं, "बादली घ्यायची नाही. धार जमिनीवर. सगळं मोरीत गेलं पाहिजे."

आम्ही बसलो. सांगायला सोपं, पण बादलीशिवाय धार काढायची आम्हाला सवयच नव्हती. गुडघ्यांत धरायला काही नाही, नेम नाही, पावलांवर कोमट दूध येतंय आणि मन म्हणतंय, सांडलं, सांडलं! तरी माझ्या पहिल्या दोन गाई मोकळ्या झाल्या. दुसरी गाय मोकळी झाली तेव्हा तिने असा लांब श्वास सोडला की माझे केस उडाले. मी तिच्या पोटाला टेकून रडले. फार बरं वाटलं मला, लपवून काय करायचं?

तिसरी गाय म्हणजे आमची खोडकर. बादलीत पडणाऱ्या धारेचा नाद ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. सवयच होती तिची. चोळून पाहिलं, पुचकारून पाहिलं, तिने नुसतं अंग आखडून घेतलं. कास तर फुटायला आलेली. मग मी बादली घेतली. म्हटलं, नाद होऊ दे, नंतर मोरीत ओतू. नाद झाला आणि तिने भडाभडा सोडलं. शेजारची गाय त्या नादावर आपण होऊन सोडायला लागली, म्हणून मी लगेच तिच्याखाली. बादली भरली. मी उठले, दाराशी गेले, ओतली, परत आले, बसले. पुन्हा भरली, पुन्हा उठले. चार की पाच वेळा. माझं लक्ष गाईंकडे होतं, पुढची कोण, कुणाला जास्त त्रास होतोय. सात वर्षं रोज पाय जिकडे जात होते तिकडेच ते गेले. दाराशी गाळणीचं फडकं बांधलेला कॅन असायचा. मी सगळ्या बादल्या त्या कॅनमध्ये ओतल्या होत्या.

समजलं तेव्हा मुकादम कॅनचं झाकण दाबून तो ढकलगाडीवर चढवत होता.  ताई पलीकडच्या रांगेत होत्या. त्यांनी रिकाम्या जागेकडे बघितलं, माझ्या हातातल्या बादलीकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. त्या मुकादमामागे धावल्या, पण मागच्या दाराला बाहेरून कडी लागली होती.

अर्ध्या तासात कॅन ट्रकच्या अड्ड्यावर. ट्रकवाल्यांनी बघितलं, दूध आलंय, आणि वर बायका आत गेल्याचंही कानावर आलेलं. त्यांना वाटलं, मिटलं. दुपारी दोन गाड्या सुरू झाल्या. फाटकावर मालकाने कागद चिकटवला, 'काम सुरू झाले आहे.' एवढा मोठा संप, आणि एका कॅनने पार वाट लावली.

संध्याकाळी, उजेड होता तेवढ्यातच, युनियनच्या पत्र्याच्या खोलीत सभा झाली. उभं राहायला जागा नव्हती. लोक इतके चिडले होते की आम्ही आठ जणी भिंतीला चिकटून उभ्या. हे टेबलामागे. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाले, "आत गेल्या त्या आठही जणींना ताकीद. तो विषय संपला. पण कॅन कुणी भरला, ते कळलं पाहिजे. जिने भरला तिला आज युनियनमधून काढावं लागेल, तेव्हाच ट्रकवाले थांबतील. मी त्यांना तसा शब्द दिलाय."

 लेक माझ्या कडेवर होती. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात ताई पुढे झाल्या.

"मी भरला."

 हे म्हणाले, "तू? जमिनीवर सोडणार म्हणाली होतीस ना?"

"हाताची सवय. चुकून झालं."

"ताई, तुझ्या हातून चुकून?" ह्यांचा विश्वास बसत नव्हता. मग बसायला लागला, मला दिसत होतं. गाईंच्या मायेपायी बहीण शेवटी मालकाच्या बाजूला घसरली, असा अर्थ त्यांनी लावला. चेहरा कठीण झाला. ताई माझ्याकडे वळून हळूच बोलल्या, ओठ जेमतेम हलले. "करार होईपर्यंत गप्प बस. सेक्रेटरीची बायको निघाली तर तो राजीनामा देईल, आणि संप आजच मरेल."

हे म्हणाले, "काढण्याच्या बाजूने हात वर करा."

हात वर झाले. ह्यांचा सगळ्यात आधी. लोकांना मी सांगत आले की पोर कडेवर होती म्हणून माझा हात वर झाला नाही. खोटं आहे. एक हात मोकळा होता, आणि तो मी वर केला होता. सगळे करतायत, आपला दिसला नाही तर संशय येईल, म्हणून केला.

ट्रक थांबले. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून युनियनने ताईंचीच रीत उचलली. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा बायका आत जायच्या, बरोबर समितीचा एक माणूस, आणि धार जमिनीवर. बादल्या, कॅन सगळं कुलपात. मोरीतून दुधाचा ओहोळ मालकाच्या बंगल्यासमोरून नाल्यात जायचा. गाई शांत झाल्या, लोकांच्या जिवाला थारा आला, कुणी माघारी फिरलं नाही. संपाच्या नवव्या दिवशी मालकाने सही केली. तिसरी धार बंद. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं.

ताई त्या मिरवणुकीत नव्हत्या. युनियनबाहेरच्या बाईसाठी कोण भांडणार? मालकाने त्यांना कामावर घेतलं नाही. बसने दोन तासांवर एक रोपवाटिका होती, तिथे त्यांना काम मिळालं. निघाल्या त्या सकाळी मी त्यांचं बोचकं उचलून थांब्यापर्यंत गेले. म्हटलं, "ताई, करार झाला. आज सांगते ह्यांना."

"सांग. आता हरकत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला वाईट वाटत नाहीये, असं समजू नकोस. फार वाईट वाटतंय मला."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी हे आनंदात होते, म्हटलं उद्या. उद्या ताप होता. मग पोरीचे दात, मग निवडणूक, मग पावसाळा. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर चूक होती. वर्षानंतर तो गुन्हा झाला, आणि पुढे त्याचं काय झालं असतं ते बघायचं मला धाडसच उरलं नाही. ह्यांनी घरात ताईंचं नाव घेणं टाकलं. ताईंची दोन पत्रं आली, ती न फोडता फळीवर पडून राहिली. कोऱ्या चहाचा कुणी विषय काढला तर हे उठून बाहेर जायचे. कधी कधी दुपारी दारात उभे राहून नुसते रस्त्याकडे बघायचे. मला सगळं कळायचं. मी भांडी आपटायचे.

नऊ वर्षं गेली. युनियनने पक्की इमारत बांधली, त्या निमित्ताने संपाची हकीकत छापायचं ठरलं आणि लिहायला हेच. एका रविवारी मी शेंगा निवडत होते, तर हे कागद घेऊन समोर बसले आणि वाचून दाखवायला लागले. सगळं छान होतं. मग एक वाक्य आलं, 'एका सभासदाने मालकाला दूध पोहोचवून विश्वासघात केला. ती माझी सख्खी बहीण होती, तरी आम्ही डगमगलो नाही.'

"ते वाक्य काढा," मी म्हटलं.

"का? खटकतं?"

"खोटं आहे. कॅन मी भरला होता."

शेंगांची परात माझ्या मांडीवर तशीच. मी सगळं सांगितलं, बादलीच्या नादापासून ते वर केलेल्या हातापर्यंत. मधे एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा नऊ वर्षं गेली असती. हे ओरडतील, मारतील, घराबाहेर काढतील, सगळ्याची तयारी होती माझी. त्यांनी हातातल्या कागदांची घडी घातली. म्हणाले, "हे पोटात ठेवून माझ्यामागे उभी राहिलीस. नऊ वर्षं." मग फळीवरची पत्रं काढून बाहेरच्या पायरीवर वाचत बसले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

सकाळी पहिल्या बसने आम्ही दोघं निघालो. 

ताई रोपांच्या वाफ्यात बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ वाकलेली, हात कोपरापर्यंत मातीत. आम्हाला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पाय जपून. कालच लावलीत."

हे वाफ्याच्या कडेला उभे राहिले.  म्हणाले, "ताई, मला कळलं. कॅन तू भरला नव्हतास. मी ठराव मागे घेतो. सगळ्यांसमोर माफी मागतो, छापतो."

"कॅनचं राहू दे," ताई म्हणाल्या. "कॅन हिच्या हातून गेला, माझ्याही हातून गेला असता. मी आत गेले, ते बरोबर होतं की चूक, ते सांग. ते मला कुणीच विचारलं नाही."

 मला वाटलं, आता तरी म्हणा हो, बरोबर होतं म्हणा, तुमचं काय जातंय! पण आमचे हे खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "ताई, तुझ्या रीतीनेच संप जिंकला, ते खरं. पण त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं. आजही तसंच फाटक असेल तर मी तुला अडवीन."

ताई हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "आणि मी आजही आत जाईन."

"माहीत आहे."

"मग झालं तर. तू अडवायचं, मी जायचं. त्यात बिघडलं काय?" त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच वर बघितलं. "अडवलंस ते अडवलंस रे. पण बोलणं कशाला बंद केलंस?"

 हे तिथेच, रोपांच्या कडेला, मातीत खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.